पावणेसहाचा मिस्ड कॉल

गाडी बंद पडली तेव्हा वडील म्हणाले, "कशेडी घाटात पडली असती तर भजी तरी मिळाली असती." पुढच्या तीन दिवसांत त्यांनी केलेला हा एकमेव विनोद.

आम्ही ओमानमध्ये होतो. मस्कतहून सलालाला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर. त्या रस्त्याला तासाभरात एखादं झाड दिसलं तर भाऊ बोट करून दाखवायचा. भाऊ गाडी चालवत होता, शेजारी वडील, मागे आई आणि मी. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. आधी बिरवाडीत खोली घेऊन कारखान्यात पाळ्या करायचा, मग एसी दुरुस्तीचं काम शिकला आणि मस्कतला गेला. आईवडिलांना एकदा विमानात बसवायचंच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी महाडात एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. मला इंग्रजी पाट्या वाचता येतात, म्हणून दोघांच्या सोबतीला माझीही वर्णी लागली.

जुलै महिना होता. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे, तिथली भातलावणी उरकली होती आणि भावाला रजाही तेव्हाच मिळत होती. शिवाय जुलैत सलालाला पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात आणि सगळा देश ते बघायला लोटतो, असं त्याने कौतुकाने सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे आपला पाऊस सोडून परक्याचा पाऊस बघायला चाललोय काय आपन?" भाऊ बिचारा हिरमुसला.

गिअरबॉक्स गेला होता. एका ट्रकवर गाडी चढवून आम्हाला जवळच्या गावात आणून टाकलं. गॅरेजवाला मिस्त्री हिंदी बोलणारा निघाला, एवढंच काय ते सुख. त्याने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "पार्ट मस्कत से आएगा. कल आएगा. नहीं तो परसों." हे 'परसों' मला मुळीच आवडलं नाही.

गाव म्हणजे एक रस्ता. एका टोकाला पेट्रोलपंप, दुसऱ्या टोकाला समुद्र. मधे दोन मशिदी, पाच-सहा दुकानं, मोकाट बकऱ्या आणि वाळत घातलेल्या बारीक मासळीचा वास. प्रवाशाने थांबावं असं तिथे काही नव्हतं आणि थांबलेला कुणी दिसलाही नाही. समुद्र खवळलेला होता म्हणून होड्या वर ओढून ठेवल्या होत्या आणि माणसं पत्र्याच्या शेडमध्ये जाळी विणत बसली होती. चहाच्या दुकानावर केरळच्या एका गृहस्थाच्या तीन खोल्या होत्या, त्यातल्या दोन आम्ही घेतल्या. आई खिडकीतून समुद्राकडे बघून मागे सरकली. आमच्या जिल्ह्याला समुद्र आहे हे आम्ही भूगोलात शिकलो. आमच्या वाट्याला डोंगर आलेत.

वडील मात्र बाहेरच उभे राहिले. वारा इतका होता की त्यांचा लेंगा फडफडत होता. आमच्या पाठीमागून, जमिनीकडून येऊन तो समुद्रावर जात होता आणि त्याच्यासोबत खाली उतरलेले राखाडी ढग घाईघाईने पळत होते. समोर पूर्व. वडिलांनी बराच वेळ ते पाहिलं आणि मला हाक मारली.

"बाय गो, ह्ये ढग कुठं चाललेत सांग."

"समुद्रावर."

"आन समुद्रापलीकडं?"

समुद्रापलीकडे आमची वाडी होती आणि वाडीत काकी एकटी होती.

काकी म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका मुंबईला एका गोदामात कामाला होते. ते वारले त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नाही. आई शेतावर असायची तेव्हा आम्हा दोघांना काकीनेच वाढवलं, भावाला तर अंगावरचं दूध सोडलं तर सगळं तिनेच दिलं. आम्ही ओमानला निघालो तेव्हा तिला न्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आईवडिलांचे पासपोर्ट मीच धावपळ करून काढले होते. काकीचाही काढावा असं मला सुचलं नाही. गुरं कोण बघणार, हा प्रश्न आधी येऊन बसला होता आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

निघताना ती पायरीवर उभी राहून म्हणाली होती, "समुद्र कसा हाय ते बघून सांग." मी बॅग गाडीत टाकत म्हटलं, "हो हो. तू सगळं सांभाळ."

आमच्या वाडीवरच्या डोंगराला भेग आहे. शेजारच्या गावांवर दरडी आल्या त्या वर्षापासून ती सगळ्यांना माहीत आहे. अधिकारी आले, चुन्याच्या खुणा करून गेले, पावसाने खुणा धुऊन गेल्या, भेग राहिली. पाऊस वाढला की वाडी खाली उतरते आणि हमरस्त्यालगतच्या गावात शाळेत जाऊन राहते. ऊन पडलं की परत वर. आता त्याची सवय झाली आहे, म्हणजे सवय झाली आहे असं आम्ही म्हणतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वाडीत फोनला रेंज नाही. ती मिळते एकाच ठिकाणी, देवीच्या देवळाच्या वरच्या पायरीवर. काकी तिन्हीसांजेला दिवा लावायला देवळात जायची तेव्हा तिथून भावाला मिस्ड कॉल द्यायची, मग भाऊ तिला फोन करायचा. आपल्याकडे सव्वासात वाजतात तेव्हा तिथे पावणेसहा. त्यामुळे मस्कतला उतरल्यापासून आमच्या दिवसाला एकच वेळ होती. पावणेसहा वाजले की सगळे फोनभोवती.

त्या पहिल्या संध्याकाळीही वेळेवर मिस्ड कॉल आला. खोलीत आवाज तुटत होता म्हणून आम्ही किनाऱ्यावर जाऊन फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आई बोलली. तिकडून पावसाचा आवाज काकीच्या आवाजापेक्षा मोठा येत होता.

"पाऊस जाम हाय," काकी म्हणाली. "भेगंत पानी जातंय. परवा हात जात व्हता, आता पाय जातोय. गाय बरी हाय. तुमी जेवलात काय?"

वडील बाजूला उभे राहून आईला म्हणाले, "तिला सांग, वरच्या अंगाला जाऊ नको." काकी तिकडून आईला म्हणाली, "त्यांना सांगा, नाय जात." दोघांनाही एकमेकांचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. पण आमच्या घरात काकी वडिलांशी थेट बोलत नाही. मोठा दीर, त्याच्यासमोर पदर पुढे घ्यायचा, बोलायचं ते जावेमार्फत. पस्तीस वर्षं एका चुलीवर जेवून हे असं चाललंय. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची, मोठेपणी राग यायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा भावाचा फोन वाजला. पोलीस पाटील बोलत होते, खालच्या गावातून. पावसाचा इशारा आला होता, तहसीलमधून माणसं येऊन गेली होती, पहाटेपासून सगळी वाडी शाळेत उतरली होती.

"सगळी आली," पाटील म्हणाले. "तुमची काकी नाय आली."

"नाय आली म्हणजे?"

"मी सोता सांगून आलो. म्हंते, देवीचा दिवा हाय माझ्याकडं, मला शीव वलांडता येत नाय. दोन पोरीबी पाठवल्या. त्यांना च्या पाजला आन पाठवून दिल्या."

वडिलांनी कप खाली ठेवला आणि हातावर हात ठेवून बसले. त्यांच्या त्या बसण्यावरूनच मला कळलं की यात यांचा काहीतरी हात आहे.

हळूहळू ते बाहेर आलं. देवळातली दिवाबत्ती चार मानकरी घरांत फिरते. आषाढाचा मान आमच्या घराकडे. दिव्याचा मान ज्याच्या हातात, त्याने तो असेपर्यंत गावाची शीव ओलांडून मुक्काम करायचा नाही. वडिलांना तर समुद्र ओलांडायचा होता. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि मान काकीच्या हाती दिला. बोलताना शब्द वापरले, 'मी परत येईस्तवर.' आता ज्याने दिला त्यानेच तो परत घ्यायचा. बाकी तीन मानकऱ्यांनी सांगून उपयोग नाही, तहसीलदाराने सांगून तर नाहीच.

"येईस्तवर!" मी ओरडले. "आबा, येईस्तवर कशाला म्हणालात? चार दिवस म्हणायचं, आठ दिवस म्हणायचं!"

"तसंच म्हंतात," वडील म्हणाले. "माझा बापबी तसंच म्हनायचा."

"तुमचा बाप पोलादपूरच्या बाजाराला जायचा! तुम्ही ओमानला आलात!"

डोक्यात तिडीक गेली की मला थांबता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. देवाला काढलं, भेगेला काढलं, खुळ्या माणसांना काढलं. एका बाईचा जीव जायची वेळ आली आणि तुम्ही नारळ मोजता, असंही म्हणाले. आई म्हणाली, "हळू बोल, खाली मानसं हायत." मी म्हटलं, "त्यांना कुठे मराठी कळतंय." मग शेवटी, निव्वळ टोचायचं म्हणून, मी म्हणाले, "एवढं आहे तर घ्या ना मग फोनवरून परत! तेवढी तरी अक्कल लढवा."

भाऊ वडिलांकडे बघायला लागला. आईही.

"नारळ लागंल," वडील म्हणाले.

असे आम्ही चौघे त्या गावात नारळ शोधत फिरलो. गाव आम्हाला तेव्हा बघायला मिळालं. पहिल्या दुकानात खजूर, दुसऱ्यात खजूर आणि मासे धरायचे गळ. तिसरं दुकान आमच्या केरळच्या लॉजवाल्याच्याच मेहुण्याचं. तिथे टोपलीत नारळ होते, पण सगळे तासून गुळगुळीत केलेले, शेंडीचा एक धागाही नाही. वडिलांनी एकेक उचलून फिरवून पाहिला. बिनशेंडीचा नारळ देवाला चालत नाही. दुकानदार मोडक्या हिंदीत विचारत राहिला, काय कमी आहे यात, पाणी भरपूर आहे, हलवून बघा. भाऊ त्याला समजावत होता. मी दारात उभी राहून दात खात होते. माझ्या मनात तेव्हा फक्त काकीचा पाय होता, जो भेगेत जातो असं ती सांगत होती.

वडिलांनी एक नारळ बाजूला काढला. तळहातावर धरून थोडा वेळ उभे राहिले.

"हाच घेऊ," ते म्हणाले. "देवी मला वळखते, नारळाला नाय."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. आयुष्यभर या माणसाने विड्याच्या पानाचा देठ कुठल्या बाजूला करायचा यावरून वाडीशी भांडण केलं आहे. त्या बोडक्या नारळाकडे बघून मला समजलं की ते माझ्याइतकेच घाबरले आहेत. सकाळी बोललेलं सगळं मला परत घ्यावंसं वाटलं, पण माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. मी नारळ त्यांच्या हातातून घेतला आणि धरून चालू लागले.

दिवस सरता सरेना. काकीचा फोन लावला की संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पाटलांना चार वेळा फोन केला. पाऊस वाढला होता, ओढ्याला पाणी चढलं होतं, महाडच्या बाजारात सावित्रीचं पाणी शिरलं होतं. चवदार तळ्यामागच्या गल्लीत माझी खोली आहे, तळमजल्यावर. पुराच्या वर्षी तिच्यात छातीएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर, घरात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा मी पंधरा दिवस वाडीत काकीच्या खोलीत राहिले होते. खोली आताही बुडत असणार हे मला कळत होतं, पण तिची काळजी करायला मनात जागाच उरली नव्हती. संध्याकाळी पाटील स्वतः बॅटरी घेऊन वर जाणार, देवळाच्या पायथ्याशी थांबणार आणि काकी मोकळी झाली की तिला घेऊन उतरणार, असं ठरलं. ती मोकळी झाली नाही तर काय, हे कुणी बोललं नाही.

साडेपाचला आम्ही किनाऱ्यावर. वडिलांनी चप्पल काढून ठेवली होती. पावणेसहा वाजले. फोन वाजला नाही.

सहा वाजायला पाच मिनिटं. सहा. भाऊ फोन हातात धरून त्याच्याकडे टक लावून बघत होता. आईने पदराचं टोक दातांत धरलं होतं. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होते. सहा वाजून दहा मिनिटं झाली. ढग डोक्यावरून पळतच होते आणि मला त्या ढगांचा असा संताप आला की दगड उचलून मारावासा वाटला. भाऊ म्हणाला, "बॅटरी उतरली असेल. तिकडे दोन दिवस लाईट नाही." मी मान हलवली. मनात म्हणत होते, बॅटरीच उतरलेली असू दे.

सहा वाजून वीस मिनिटांनी मिस्ड कॉल आला. मी भावाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि लावला.

"वाटंवर पानी व्हतं," काकी म्हणाली, "म्हनून कडंकडंनं आले. जेवलात काय?"

वडिलांनी फोन मागितला, तोंडासमोर धरला आणि समुद्राकडे, म्हणजे घराकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या हातात नारळ. देवळातलं गाऱ्हाणं ते मोठ्या आवाजात, लयीत घालतात. तिथे वाऱ्यात त्यांचा आवाज चिरकत होता.

"आये, तू वर बसलीस, आमी तुझ्या पायाशी. तुझ्या दिव्याचा मान मी माझ्या भावजयीच्या हाती दिला व्हता. बोलताना चुकलो. मी लांब हाय, परमुलखात हाय, माझ्या हाती नारळ हाय तोबी धड नाय. तरी पदरात घे. आज तिच्या हातातला मान मी माझ्या हाती परत घेतो. दिवा राहिला तर दोष माझ्यावर, तिच्यावर नाय, लेकरांवर नाय." मग ते थांबले. आता काकीने 'दिला' म्हणायचं होतं. थेट त्यांना.

तिकडे नुसता पाऊस.

"दिला म्हन," वडील म्हणाले. आईला नव्हे, फोनला. "ऐकतेस ना? मोकळी हो. खाली जा."

"दिला," काकी म्हणाली. त्या घरात येऊन पस्तीस वर्षांनी मोठ्या दिराशी बोललेला तिचा पहिला शब्द मी ऐकला. वडिलांनी फोन माझ्या हातात दिला आणि वाकून नारळ दगडावर फोडला. आम्हाला हायसं वाटलं. भाऊ तर खाली वाळूतच बसला.

आणि मग काकी म्हणाली, "पर खाली जाऊन कुनात बसू?"

कुणाला काही समजलं नाही. वडील म्हणाले, "काय?"

"शाळंत सगळी आपापल्या मानसांत बसतात. गेल्या सालच्या श्रावनात आपल्या घरची वळ व्हती, आपन बसलो. मी एकटी कुनात बसू भावजी? हितं निदान दिवा तरी हाय."

हे ती रडून म्हणाली नाही. पाणी कुठून भरू, असं विचारावं तसं विचारलं. वडिलांच्या हातात नारळाच्या दोन वाट्या होत्या आणि पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. गाऱ्हाण्यात याचं उत्तर नव्हतं. मी दिवसभर ज्या खुळेपणाला शिव्या घालत होते त्याचं निम्मं नाव दिवा होतं, आणि निम्मं आम्ही होतो. 'सांभाळ' एवढंच तिला सांगून निघालेले आम्ही चौघे. पुराच्या वर्षी मी ओल्या कपड्यांनी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा तिने कुठे झोपवू असं विचारलं नव्हतं. स्वतःची गोधडी सरकवून जागा केली होती.

"आमी येतोय," वडील म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "सगळी येतोय. तवर जागा धरून ठेव. ऐकलंस? जागा धरून ठेव."

"बरं," काकी म्हणाली. मग फोन कापला गेला.

साडेसातला पाटलांचा फोन आला की पोचलो, गायही आणली, वरची गुरंही दावी कापून सोडली. आईने त्या संध्याकाळी लॉजवाल्याकडून खोबरेल मागून आणलं, पदराच्या काठाची वात केली आणि चहाच्या काचेच्या पेल्यात दिवा लावला. मान आता वडिलांकडे होता, त्यामुळे दिवा तिथेच लागायला हवा होता. लॉजवाल्याने दार उघडं बघून आत डोकावलं, दिव्याकडे पाहिलं आणि थोड्या वेळाने तेलाची अख्खी बाटली आणून ठेवली.

पार्ट तिसऱ्या दिवशी दुपारी आला. भावाने गाडीत बसताना एकदाच विचारलं, "सलालाला?" वडिलांनी नकाराची मान हलवली आणि आलो त्या दिशेला बोट केलं. मस्कतला पोचायच्या आधीच पाटलांचा फोन आला होता. देवळाच्या वाटेवरचा डोंगर खाली आला होता. घर उभं होतं, देऊळही. पण वाट गेली होती आणि तिच्याखालचं आमचं लावलेलं मोठं शेत मातीखाली गेलं होतं. भावाने गाडी कडेला घेतली. कुणीही कुणाला 'बघा, मी म्हणत होते' असं म्हटलं नाही. माझ्या जिभेवरही ते आलं नाही, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

भावाला पुढे रजा नव्हती. आम्ही तिघे तिकिटं बदलून परतलो. महाडात बाजारपेठेत चिखलाचे ढीग होते, माझ्या खोलीच्या दारावर गुडघ्याच्या वर ओली रेघ होती. मी कुलूपही उघडलं नाही. पोलादपूरची एसटी धरली.

शाळेच्या एका वर्गात नऊ-दहा कुटुंबं होती. पाऊल टाकायला जागा नव्हती. भांडी, गाठोडी, दोरीवर ओले कपडे, ओल्या गोधड्यांचा वास. दारातच शेजारच्या घरातल्या वहिनीने मला गाठलं आणि तक्रार केली.

"तुझी काकी ऐकत नाय गो. इतकी जागा अडवून बसलीय. आमी हितं पाय दुमडून निजतो, पर कुनाला बसू देत नाय. म्हंते, आमची मानसं यायचीत."

आत खिडकीखाली दोन चादरी अंथरलेल्या होत्या. चांगल्या ऐसपैस, सुरकुती नाही. चारी कोपऱ्यांवर तांब्या, ताट, कंदील आणि वडिलांची काठी ठेवलेली. उशाला गोधड्यांच्या चार घड्या, एकेकाची एकेक. वडिलांची, आईची, माझी, आणि जो येणारच नव्हता त्या भावाचीही. काकी चादरीच्या बाहेर, उघड्या फरशीवर, भिंतीला टेकून बसली होती.

चार जागा धरल्या होत्या तिने. पाचवी तिच्या हिशोबातच नव्हती.

वडिलांना बघून ती सवयीने उठली, पदर पुढे घेतला आणि आणखी मागे सरकली. वडील ओल्या पायांनी चादरीच्या कडेला उभे राहिले. त्यांनी चादर बघितली, फरशी बघितली. मग खाली बसले, भावाची घडी उचलली आणि झटकून आपल्या शेजारी ठेवली.

"हितं बस," ते म्हणाले.

काकीने आईकडे पाहिलं. आई आधीच बसली होती आणि पाय चोळत होती. मग काकी येऊन चादरीवर बसली.

"जेवलात काय?" तिने विचारलं. या वेळी तिने ते वडिलांनाच विचारलं होतं.